हेल्मेटमध्ये मोठ्याने बोलत बाईक चालवा: घाट, हायवे आणि शहरासाठी रनिंग कॉमेंट्री

घाटवेडा:
नमस्कार मंडळी,
खूप दिवस यावर लिहायचं होतं. बाईक चालवताना समोर जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं, त्यातून पुढं काय होऊ शकतं ते बोलायचं आणि आपण काय करणार तेही बोलायचं, एवढीच ही पद्धत. ब्रिटनमध्ये पोलिसांना १९३० च्या दशकापासून हेंडनच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक ठरलेली सिस्टिम शिकवायला लागले, आधी माहिती घ्या, मग रस्त्यावरची जागा ठरवा, मग स्पीड, मग गिअर, आणि शेवटी थ्रॉटल, याच क्रमाने. त्या ट्रेनिंगमध्ये ही कॉमेंट्रीही करून घेतात, कारण रायडर बोलला नाही तर त्याला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही हे शिकवणाऱ्याला कळणार कसं.

आपल्याकडं २०२२ साली रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के टू व्हीलरवरची, आणि एकट्या महाराष्ट्राचा आकडा १५,२२४ होता. आपली चर्चा मात्र हेल्मेटवर सुरू होते आणि हेल्मेटवरच संपते. हेल्मेट घालाच, आयएसआयवालं घाला, पट्टा लावून घाला, पण पडण्याच्या आधीचे जे चार-पाच सेकंद असतात त्यात काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. लायसन्सला आठचा आकडा काढला की झालं.

आता प्रत्यक्ष कॉमेंट्री कशी असते ते लिहितो. समजा वाईहून पसरणी घाट चढताय:

"पुढं उजवं वळण, पलीकडचं दिसत नाही. आरशात एक कार, लांब आहे. मी डावीकडं, पण साईडपट्टीला कच आहे म्हणून तिच्यापासून हातभर आत. स्पीड चाळीस, पस्तीसवर आणतोय, तिसरा गिअर. हॉर्न. रस्ता जिथं संपल्यासारखा दिसतोय तो पॉइंट अजून जवळच आहे, थ्रॉटल आहे तसाच. पॉइंट पुढं सरकला, वळण उघडतंय, हळूहळू थ्रॉटल. समोर एसटी, तिचं तोंड माझ्या बाजूला येतंय, डावीकडं जागा आहे, थांबता येईल."

एवढंच. लांब वाक्यं नाहीत, क्रियापदं गाळली तरी चालतात.

यातला तो "पॉइंट" नीट समजून घ्या, घाटातलं निम्मं काम तोच करतो. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात ती जागा. ती तुमच्याकडं येतीय असं वाटलं तर वळण आवळतंय, स्पीड कमी करा. तुमच्याच वेगानं पुढं सरकतीय तर स्पीड बरोबर आहे. पळायला लागली की वळण सुटलं, थ्रॉटल द्या. आणि तुमच्या बाजूचा जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यातच थांबता आलं पाहिजे. कोरडा चांगला रस्ता आणि एक सेकंद रिॲक्शन धरली तर ४० च्या स्पीडला थांबायला साधारण २२ मीटर लागतात, ६० ला ४० मीटर, आणि ८० ला ६४ च्या आसपास. घाटातल्या किती वळणांवर ४० मीटर दिसतं ते पुढच्या वेळी जरा बघा.

बोलण्याचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा म्हणजे तोंड मागं पडायला लागलं, म्हणजे खड्डा मागं गेल्यावर "खड्डा" म्हणताय, की समजायचं आपला स्पीड आपल्या डोळ्यांना झेपत नाहीये. स्पीडोमीटर हे कधीच सांगत नाही, त्यावर ५० म्हणजे ५०, मग तो रिकामा हायवे असो नाहीतर बाजाराच्या दिवशीचं गाव.

निवांत_भटक्या:
छान लिहिलंय, पण एक मूळ शंका आहे. मोबाईलवर बोलत गाडी चालवू नका म्हणून आपण सगळ्यांना सांगतो, कारण लक्ष जातं. मग हे सतत बडबडणं म्हणजे लक्ष जाणं नाही का? शिवाय ट्रॅफिकमध्ये एका वेळी वीस गोष्टी दिसतात, त्या सगळ्या बोलायच्या तर माणूस दमून जाईल.

घाटवेडा:
रास्त शंका. फोनवर डोकं दुसरीकडं असतं हो, घरी कोण आलंय, पेमेंट कधी होणार, आणि समोरच्याला तुमचा रस्ता दिसत नसतो म्हणून तो ऐन चौकात प्रश्न विचारतो. कॉमेंट्रीत विषयच रस्ता आहे. आणि सगळं बोलायचंच नाही, ज्याच्यामुळं तुम्हाला स्पीड किंवा जागा बदलावी लागू शकते तेवढंच बोलायचं. निळी कार, मोठा बोर्ड, वडाचं झाड हे बोलून उपयोग नाही. वडाच्या सावलीत खड्डा दिसत नाही, हे बोला. फारच गर्दी झाली तर गप्प बसा आणि चालवा, कुणी मार्क देणार नाहीये. सुरुवातीला रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर दहा मिनिटं पुष्कळ झाली, सलग तासभर केलं तर खरंच डोकं शिणतं.

मिरजकर_लोको:
मी रेल्वेत लोको पायलट म्हणून रिटायर झालो, त्यामुळे हा विषय वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे हे रोजचं काम आहे. लोको पायलट आणि असिस्टंट दोघंही सिग्नल दिसला की तो मोठ्याने पुकारतात, हात करून दाखवतात, एकाने "डबल यलो" म्हटलं की दुसऱ्यानेही स्वतः बघून "डबल यलो" म्हणायचं. समोरच्याने म्हटलं म्हणून आपण म्हटलं, असं चालत नाही. रात्री तीन वाजता, पावसात, सलग ड्यूटी झालेली असताना डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपायला लागलेला असतो, तेव्हा स्वतःचा आवाज कानावर पडला की माणूस जागेवर येतो. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून पुकारण्याची पद्धत फार जुनी आहे, १९९४ साली तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने एका साध्या कामावर चाचणी घेतली तेव्हा नुसतं काम करताना दर शंभरात २.३८ चुका व्हायच्या त्या बोट दाखवून आणि बोलून ०.३८ वर आल्या. आमच्या गाड्यांना रूळ आहेत, सिग्नल आहेत, तरी आम्ही बोलतो. तुम्हाला तर कुत्र्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं सांभाळायचं असतं.

स्कूटीवाली:
लोको काका, किती छान माहिती दिलीत!
माझा घाटाशी फारसा संबंध नाही, मी पुण्यात रोज ऑफिस आणि मुलाची शाळा करते, १२५ च्या स्कूटरवर. सगळे सल्ले मोठ्या बाईकवाल्यांसाठी असतात असं वाटून मी असे धागे सोडून द्यायचे, पण हे करून बघितलं आणि शहरात तर याचा जास्त उपयोग आहे असं माझं मत झालंय. माझी कॉमेंट्री साधारण अशी असते:

"डावीकडे पार्किंगची रांग, तिसऱ्या कारमध्ये ड्रायव्हर सीटवर डोकं दिसतंय, दार उघडू शकतं, दाराएवढं अंतर सोडते. पुढे रिक्षा स्लो होतेय, पॅसेंजरने हात केलाय, रिक्षा अचानक डावीकडे जाणार. बस थांबलीय, तिच्या पुढून माणूस येऊ शकतो, ब्रेकवर बोटं. गल्लीतून कारचं नाक बाहेर, तिचं चाक बघतेय, चाक फिरायला लागलं, मी हळू."

ते चाकाचं मला फार पटलंय. आपण ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघतो आणि त्याने आपल्याकडे बघितलं की आपल्याला वाटतं त्याने आपल्याला पाहिलं. तसं काही नसतं! चाक मात्र गाडी हलल्याबरोबर फिरताना दिसतं.
मुलगा मागे बसून (त्यालाही हेल्मेट आहे) आता स्वतःच सांगतो, "आई, डावीकडे कुत्रा, एकटा नाहीये." एक कुत्रा रस्ता ओलांडून गेला की त्याच्या मागून दुसरा येतो हे त्याला कुणी न सांगता कळलं.

मँचेस्टरकर:
मी गेली काही वर्षं इंग्लंडात आहे आणि इथल्या आयएएमच्या (इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स) ग्रुपमधून ॲडव्हान्स्ड रायडरचा कोर्स केला. ही संस्था १९५६ पासून आहे, शिकवणारे बहुतेक जण हौसेनं, विनामूल्य काम करणारे असतात, त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात. तो त्याच्या बाईकवर मागून येतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर बोलतो. घाटवेडा यांनी सिस्टिम बरोबर सांगितलीय, त्यात भर एवढीच की "माहिती" ही पहिली पायरी असली तरी ती पुढच्या प्रत्येक पायरीत चालूच राहते, आणि माहिती देणंही त्यातच आलं, म्हणजे इंडिकेटर, ब्रेकलाईट, हॉर्न.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माणूस जिकडे बघतो तिकडे बाईक जाते. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की नेमकी खड्ड्यातच. त्यामुळे कॉमेंट्रीत नुसतं "खड्डा" म्हणून थांबू नका, "खड्डा, मी उजवीकडून" असं म्हणा, नजर आपोआप मोकळ्या जागेवर जाते. वळणात रुंद जायला लागलात तर "कठडा कठडा" ओरडू नका, "आत बघ" म्हणा आणि ज्या बाजूला वळायचंय त्याच बाजूचं हँडल पुढे ढकला. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकंसं पुढे ढकललं की बाईक उजवीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं पण सगळ्या बाईक्स अशाच वळतात, आपण ते नकळत करत असतो, गरजेच्या वेळी मुद्दाम करता आलं पाहिजे.

सह्याद्री_४११:
हे सगळं ठीक आहे पण इंग्लंडातलं जसंच्या तसं इकडं आणू नका. तिकडच्या व्हिडिओत सांगतात की डाव्या वळणाला मधल्या पट्टीकडं सरका म्हणजे लांबचं दिसतं. ताम्हिणीत नाहीतर वरंध्यात कुणी असं केलं तर समोरून वळण कापत येणारी ट्रॅव्हलर त्याला घेऊन जाईल. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा असंच शिकून आला होता, त्याला आम्ही रस्त्यात थांबवून सांगितलं की बाबा, हे इथं नको.

मँचेस्टरकर:
अगदी बरोबर, आणि तो अर्धवट शिकला असं म्हणावं लागेल, कारण मूळ शिकवणीतच क्रम ठरलेला आहे, आधी सुरक्षितता, मग बाईकची पकड, आणि सगळ्यात शेवटी व्ह्यू. व्ह्यूसाठी पहिल्या दोन्हीतलं काहीही सोडायचं नाही. समोरून कुणी लाईन कापून येण्याची शक्यता असेल तर मधल्या पट्टीजवळ जाण्याचा प्रश्नच येत नाही, मग तुम्ही इंग्लंडात असा की महाडला.

घाटवेडा:
सह्याद्री, तुमचा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. आपल्या घाटात डाव्या वळणाला लेनच्या मध्यापर्यंतच, त्यापुढं नाही, आणि व्ह्यू कमी मिळतोय तर त्याची भरपाई स्पीड कमी करून. पावसाळ्यात तर डाव्या कडेला डोंगरातून माती-दगड आलेले असतात, कोकणाच्या बाजूला शेवाळ धरतं, म्हणजे अगदी कडेलाही जायची सोय नाही. पहिल्या पावसाच्या दिवशी रस्त्यावरचं ऑईल वर येतं तेव्हा कॉमेंट्रीत "चकाकी" हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय, डांबर चकाकलं की ब्रेक आणि झुकणं दोन्ही कमी.
आणि नियमानं अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. उतरणाऱ्याला हे माहीत असेलच असं धरून मात्र चालू नका.

कृष्णाकाठ:
आमच्याकडं कराड-वाळवा पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचं बाईक चालवणं म्हंजे वेगळाच विषय हाय. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं एकबी लाल लाईट नाय, रिफ्लेक्टर असला तर मातीनं भरलेला, आणि ऊस बाहेर आलेला असतो तो बरोबर बाईकवाल्याच्या छातीच्या उंचीला. कारखान्याच्या रस्त्यावर पडलेल्या ऊसाच्या कांड्यावरनं चाक सरकतं ते निराळंच. हे असलं दिसत नसताना बोलायचं काय, सांगा.

घाटवेडा:
दादा, जे दिसत नाही तेच बोलायचं. "माझ्या लाईटच्या पलीकडं अंधार, ट्रॉली असू शकते, पंचेचाळीस." समोरून हायबीम आला की "डोळे दिपले, डावी पांढरी पट्टी, थ्रॉटल बंद", आणि खरंच नजर त्या पट्टीवर न्यायची, समोरच्या लाईटकडं बघायचंच नाही. पट्टीच नसेल तर रस्त्याची कड. अजून एक खूण म्हणजे पुढं जाणाऱ्या कारचे ब्रेकलाईट विनाकारण लागले किंवा ती एकदम उजवीकडं सरकली तर तिला काहीतरी दिसलंय जे तुम्हाला दिसत नाहीये. तिथंच ओव्हरटेकचा विचार सोडून द्यायचा.
दिवसा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना उजवीकडं शेतात जाणारी वाट आहे का ते आधी बोला. वाट असेल तर ट्रॅक्टर इंडिकेटरशिवाय वळणार हेच गृहीत धरा.

कृष्णाकाठ:
वाटेचं बरोबर बोललासा. आन ट्रकचा उजवा इंडिकेटर, त्येचा अर्थ काय लावायचा? कोण म्हनतं "जा पुढं", कोण खरंच वळत असतो.

सह्याद्री_४११:
त्याचा अर्थच लावायचा नाही. आपल्याला पुढचा रस्ता स्वतः दिसेपर्यंत ट्रकच्या मागंच, आणि चिकटून नाही, दोन सेकंदांचं अंतर, पावसात चार. चिकटलात तर ट्रकचा मागचा फाळकाच दिसतो, लांब राहिलात तर पुढचं दिसतं. ट्रकचा स्पीड कमी होतोय का, पुढं फाटा आहे का, ड्रायव्हरचा हात बाहेर आहे का, हे बघून मग ठरवा.

नवा_रायडर_नाशिक:
मी नुकतीच १६० सीसी घेतलीय. घरचे सांगतात पुढचा ब्रेक वापरू नको, पलटी होते. ABS (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) आहे, मग पुढचा ब्रेक कसाही दाबला तर चालतो का? आणि बोलण्याचा ब्रेकशी काय संबंध?

मँचेस्टरकर:
ब्रेक लावला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून जोरात थांबताना साधारण ७० टक्के काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्यावर थांबायला गेलात तर अंतर फार वाढतं आणि मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी होते. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, आधी हलका दाब, वजन पुढं आलं की वाढवत न्यायचं. दोन्ही ब्रेक, गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. कच किंवा वाळू असेल तर पुढचा अगदी जपून.
आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ABS आहे, पण १५०-१६० च्या बऱ्याच गाड्यांना तो सिंगल चॅनल असतो, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक लॉक होऊ शकतं. तुमच्या गाडीला कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, मग मोकळ्या मैदानात ३० च्या स्पीडपासून सुरू करून ABS ची थरथर हाताला एकदा ओळखीची करून घ्या.

स्कूटीवाली:
नाशिककर, बोलण्याचा ब्रेकशी संबंध मी सांगते. "बस थांबलीय, माणूस येऊ शकतो" म्हटलं की बोटं आपोआप ब्रेकवर जातात. मग माणूस खरंच आला तर अर्धं काम आधीच झालेलं असतं. ६० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, तेवढे वाचतात. माझ्या स्कूटरला CBS आहे, डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका, उजवाही दाबायची सवय हवी.

निवांत_भटक्या:
मी आठवडाभर करून बघितलं, आणि शंका मागे घेतोय. माझ्या नेहमीच्या रस्त्यावर एक शाळेचं मागचं गेट आहे ते मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, बोलायला लागलो तेव्हा दिसलं. आता दोन प्रॅक्टिकल प्रश्न. पावसात तोंड चालू ठेवलं की व्हायझरवर वाफ धरते, त्याचं काय? आणि ग्रुप राईडला इंटरकॉमवर सगळ्यांनी बोलायचं का?

घाटवेडा:
वाफेसाठी हनुवटीचं व्हेंट उघडं ठेवा, व्हायझर एक खाच वर, नाहीतर पिनलॉकसारखी आतली काच बसते ती घ्या. मोठ्याने म्हणजे ओरडायचं नाही, पुटपुटलं तरी चालतं, शब्द तयार झाला पाहिजे.
ग्रुपमध्ये फक्त पुढचा बोलतो, "कच, उजव्या वळणात", "एसटी येतीय", एवढंच, आणि मागचे स्वतःची कॉमेंट्री माइक बंद करून करतात. पुढच्यानं "मोकळं आहे, या" म्हणून ओव्हरटेक करू नका, त्याला मोकळं होतं तेव्हा तो तिथं होता, तुम्ही पोचेपर्यंत दृश्य बदललेलं असतं.

मिरजकर_लोको:
हे शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्याकडे नव्या असिस्टंटला एक धोका पहिल्या दिवशीच सांगायचो. रोज त्याच जागी हिरवा सिग्नल मिळाला की तोंड सवयीने हिरवा म्हणून टाकतं आणि डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून हात करून दाखवायची पद्धत आहे, हात सिग्नलकडे नेला की डोळे न्यावेच लागतात. बाईकवर हात सोडता येत नाही, तेव्हा तुम्ही मान वापरा.

घाटवेडा:
काका, हे पहिल्या पोस्टमध्ये तुमच्या नावानं जोडतो. चौकात मान खरोखर फिरवायची, उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं, आणि प्रत्येक बाजूला क्षणभर थांबून बघायचं, कारण नजर झर्रकन फिरवली की मधलं काही डोळ्याला दिसत नाही, मेंदू ती जागा स्वतःच भरून टाकतो. समोरच्या कारवाल्याचंही हेच होतं. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातले ९०० बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ चा रिपोर्ट आहे, त्यात दुसऱ्या गाडीशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी साधारण दोन तृतीयांशात चूक बाईकची वाट अडवणाऱ्या त्या दुसऱ्या गाडीची होती, आणि ड्रायव्हर म्हणायचे की बाईक दिसलीच नाही. सरळ अंगावर येणारी बाईक लांबून हलल्यासारखीच दिसत नाही, त्यामुळं चौक जवळ आला की मी लेनमधल्या लेनमध्ये किंचित बाजूला सरकतो आणि ते बोलतोही, "कार थांबलीय, मी तिला दिसलो नाही असं धरतोय, चाक बघतोय, पन्नासवरून चाळीस."
नाशिककर, मैदानातली ब्रेकची प्रॅक्टिस झाली की इथं कळवा, सिंगल चॅनल निघाला की ड्युअल तेही.